वीकेंडचं मौन रिट्रीट, नगर रोड: कोणी जावं, कोणी जाऊ नये

मी पुण्यात पंचहौदाजवळ वाढलेली, प्रोटेस्टंट ख्रिस्ती. आमच्याकडे मोठा निर्णय आला की बायबलच्या वचनांच्या डबीतून कार्ड काढतात, नाहीतर त्यातल्या गिदोनासारखी लोकर पसरून देवाकडे खूण मागतात. खराडीतली नोकरी सोडून अहिल्यानगरला आईजवळ शाळेत शिकवायला जावं का, हे मला ठरवायचं होतं. कॅथलिक मैत्रिणीने हे जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या, पद्धतीचं रिट्रीट सुचवलं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी म्हणाल्या, "तिकडे कशाला? इथेच उपास-प्रार्थना कर."

आयतं उत्तर हवं असेल तर जाऊ नका. तिथे लिहायला बसवतात. ही पद्धत जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची. 1521 साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणात पडून शौर्याची स्वप्नं रंगवली की नंतर मन कोरडं व्हायचं, संतांची चरित्रं वाचली की आनंद टिकायचा. हा फरक त्याने हेरला आणि पुढे त्याचे नियम केले.

मला मार्गदर्शक म्हणून मिळालेल्या सिस्टर वसईच्या, मराठी, तोंडाने फटकळ. त्यांनी चार रकाने आखायला लावले: गेले तर फायदे, गेले तर धोके, राहिले तर फायदे, राहिले तर धोके. मी वाघोलीच्या फ्लॅटचा हप्ता वगळला होता. "तो काय देव भरणार आहे? लिही." मग विचारलं, अनोळखी बाई हाच प्रश्न घेऊन आली तर तिला काय सांगशील? मरणाच्या घटकेला यातलं काय केलेलं बरं वाटेल? शेवटी, हे पाचारण, देवाची ही हाक, नेमकी कधीपासून जाणवतेय? अप्रेझलनंतर, असं मी सांगितल्यावर त्या हसल्या. मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये, असा इग्नेशियसचा नियमच आहे. राजीनामा लांबवला. तूर्त बिनपगारी रजा टाकून आईकडे राहून बघणार आहे. मावशींना हे विश्वासात कमी वाटलं. मला तरी नाही वाटलं; बायबलमधल्या सुलैमान राजाने देवाकडे मागितली होती ती बुद्धीच ना?

व्याख्यानं मात्र सगळी इंग्रजीत, पुण्यात असून. मराठी मार्गदर्शक नाव नोंदवतानाच मागून घ्या, आपणहून देत नाहीत. मौन आपलं, लोहगावची विमानं ते पाळत नाहीत. जेवण साधं, शुक्रवारचा बांगडा झकास. गादी पातळ. शुल्क ठरलेलं नाही, पाकिटात घालायचं. फोन काढून घेतात, त्यामुळे घरी कोणी आजारी असेल तर तिथल्या ऑफिसचा नंबर आधीच देऊन ठेवा.