कयाक छताखाली ठेवायची: कप्पी, पट्टे की अँगलची मांडणी?

मुंबईत मढ, गोराई, वर्सोव्याकडच्या बंगल्यांत गॅरेज असतं खरं, पण गाडी, सायकली आणि गणपतीच्या मखराने ते आधीच भरलेलं असतं. साडेतीन मीटरच्या कयाकला, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीला, जागा उरते ती छताखालीच. परदेशी व्हिडिओंमधली निम्मी चर्चा छताला समांतर सरकणारं दार कसं चुकवायचं याची असते. ती सोडून द्या. आपलं रोलिंग शटर पुढच्या ड्रमवर गुंडाळतं आणि मागचं छत मोकळं राहतं.

आधी छत तपासा. आरसीसी स्लॅब हातोडीने हलकेच ठोकून बघा. बद्द आवाज आला, प्लॅस्टर फुगलेलं किंवा गंजाचे डाग दिसले, तर तिथे काहीच टांगू नका, दुरुस्ती आधी. सिमेंटचे पत्रे किंवा पीओपीचं छत भार घेत नाही, वरचा लोखंडी ट्रस (छताचा सांगाडा) असेल तरच विचार करा.

सगळ्यात मोह पडतो कप्पीचा. दोर ओढला की कयाक वर जाते, एकट्याला जमतं. प्लॅस्टिकच्या सिट-ऑन-टॉप (वर उघड्यावर बसायच्या) कयाकचं वजन साधारण 20 ते 35 किलो असतं आणि एक सरकती (कयाकबरोबर वर जाणारी) कप्पी लावली की हाताला त्याच्या निम्मंच लागतं. छताला मात्र उलटं. 30 किलोची कयाक आणि तुमची 15 किलोची खालची ओढ, असा 45 किलोचा भार अँकरांवर (छतात पक्क्या बसवलेल्या बोल्टांवर) येतो, झटका बसला की आणखी. म्हणून प्रत्येक अँकर निदान 100 किलोचा घ्या. दुसरी अडचण तोल: पुढचं टोक आधी वर गेलं की कयाक पट्ट्यातून घसरते. तिसरी, खारी हवा. कप्पीतला आपोआप अडकणारा दाता गंजला की त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. कयाक वर गेली की दोन वेगळे पट्टे तिच्याखालून घेऊन स्वतंत्र हुकांना अडकवा, मग दोर सुटला तरी गाडीची काच वाचेल.

पट्टे सगळ्यात स्वस्त: चार आय बोल्ट (डोक्याला कडी असलेले) आणि दोन इंच रुंदीचे दोन पट्टे. पट्टा पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन पावसाळ्यात ओल धरून सैल पडतो. इथे बिघडण्यासारखं फारसं काही नाही, धोका आहे तो डोक्यावर उचलताना. दोन माणसं हवीतच, स्टुलावर चढून एकट्याने हा उद्योग करू नये.

फॅब्रिकेटरकडून करून घेतलेली लोखंडी अँगलची मांडणी भक्कम असते, पण तिचं स्वतःचं वजनही स्लॅबवर येतं आणि रंग उडाला की गंज धरतो. दोन कयाक असतील तरच ती परवडते, असं माझं मत.

दोघं उचलणारे असाल तर पट्टे. एकटे असाल तर कप्पी, राखीव पट्ट्यांसकट. एकटे आणि कयाक 30 किलोच्या वर असेल, तर छताचा नाद सोडून भिंतीवर कमरेच्या उंचीला ब्रॅकेट लावा.

कोणतीही पद्धत घेतली तरी आधार दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर हवा. कयाक पालथी ठेवा, हॅच (सामानाच्या कप्प्याचं झाकण) आणि पाणी काढायचं बूच उघडं. टोकाच्या हँडलला कधीही टांगू नका: एप्रिल-मेच्या उकाड्यात पॉलिथिलीन मऊ पडतं आणि हल (होडीचं अंग) वाकतो. बारीक दोराने तसेच खळगे पडतात. बोल्ट खाऱ्या हवेत टिकणाऱ्या 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, नागदेवी स्ट्रीटला मागून बघा. आणि उंची मापताना गाडीची डिकी उघडून मापा, बंद गाडी मापून उपयोग नाही.

सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगचं गणित वेगळं. तो स्लॅब एकट्याचा नसतो, समितीची लेखी परवानगी लागेल. शिवाय अनेक नव्या टॉवरमध्ये पोस्ट-टेन्शन स्लॅब असतात. आतल्या ताणलेल्या केबलला ड्रिल लागलं तर नुकसान इमारतीचं. आराखडा बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरने हो म्हटल्याशिवाय भोक पाडू नये. एवढं जमणार नसेल तर फुगवायची कयाक घ्या, ती घडी घालून पोटमाळ्यावर मावते.