हॉटेलमधला टीव्ही आणि गेस्ट वायफाय: खोलीगणिक बॉक्स, हेडएंड, आयपीटीव्ही की नुसतं कास्टिंग?

पुणे स्टेशनजवळ २८ खोल्यांचं जुनं लॉज चालवणारा मालक असो की हिंजवडीत ७० खोल्यांचं बिझनेस हॉटेल उभं करणारा, पहिला प्रश्न टीव्हीच्या इंचांचा असतो. टीव्ही सगळ्यात शेवटी ठरवा, असं मी प्रत्येकाला सांगतो. आधी भिंतीत कुठली वायर आहे ते बघा आणि तुमच्याकडे उतरतं कोण ते बघा. लग्नाचं वऱ्हाड, औषध कंपनीचे एमआर, आयटीवाले, पोराच्या ॲडमिशनसाठी आलेले आईवडील, या सगळ्यांना खोलीत वेगवेगळं काही हवं असतं. आणि टीव्ही व वायफाय यांची कोटेशन्स दोन वेगळ्या माणसांकडून, एकमेकांना न दाखवता मागवू नका. आज या दोन्ही गोष्टी एकाच रॅकमधून (उपकरणांच्या कपाटातून) निघतात.

खोलीगणिक सेट टॉप बॉक्स

जुन्या लॉजमध्ये पूर्वी एकच केबल यायची आणि स्प्लिटर (एका वायरीच्या अनेक वाटा करणारा जोड) लावून सगळ्या खोल्यांत फिरायची. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात पुणे होतं, ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. त्यानंतर प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र बॉक्स आला आणि बहुतेक लहान लॉजमध्ये तीच व्यवस्था आजही चालू आहे.

तिचा एक गुण मोठा आहे: बिघाड झाला तर एकाच खोलीचा होतो. रूम बॉय दुसरा बॉक्स आणून लावतो, काम संपतं. पण दोन रिमोट सांभाळायचे, खोली रिकामी असली तरी त्या बॉक्सचं भाडं भरायचं, आणि चॅनल पॅक बदलायचा तर एकेक बॉक्स बघत बसायचं. घरगुती कनेक्शनचे बॉक्स हॉटेलात लावू नका. ते करारात बसत नाही. व्यावसायिक कनेक्शन लेखी घ्या आणि त्यात खोल्यांची संख्या नमूद करून घ्या.

डीटीएचची छत्री असेल तर जुलैच्या जोरदार सरीत चित्र जातं, कारण केयू बँडचा (ज्या लहरींवर उपग्रहाकडून डीटीएच येतं त्यांचा) सिग्नल मोठ्या पावसात क्षीण होतो. छत्री थोडी मोठी आणि नीट रोखलेली असेल तर हे बरंच कमी होतं. १२-१५ खोल्यांपर्यंत मी हाच पर्याय सुचवतो. त्यापुढे बॉक्सची देखभाल हे एका माणसाचं कामच होऊन बसतं.

कोएक्सवर हेडएंड

यात सगळे बॉक्स किंवा रिसीव्हर एका खोलीत, एका रॅकमध्ये येतात. तिथे प्रत्येक चॅनल मॉड्युलेटरमधून जुन्याच कोएक्स (केबल टीव्हीच्या गोल) वायरीवर चढवला जातो आणि खोलीतल्या टीव्हीचा स्वतःचा ट्यूनर तो पकडतो. ८ मेगाहर्ट्‌झच्या एका जागेत क्वाम ६४ या डिजिटल पद्धतीने सुमारे ३८ मेगाबिट डेटा बसतो, त्यामुळे एका फ्रीक्वेन्सीवर बरेच चॅनल मावतात. खोलीत बॉक्स नाही, दुसरा रिमोट नाही. भिंती फोडायच्या नाहीत, हा जुन्या इमारतीच्या मालकासाठी सगळ्यात मोठा फायदा.

अडचण असते ती सिग्नलच्या हिशोबाची. दोन तोंडांचा स्प्लिटर सुमारे साडेतीन डेसिबल (सिग्नलच्या जोराचं माप) खातो, आठ तोंडांचा अकराच्या आसपास. आरजी सिक्स ही कोएक्स वायर वरच्या फ्रीक्वेन्सीला १०० मीटरमध्ये १८ ते २० डेसिबल खाते. ॲनालॉगच्या काळात सिग्नल कमी पडला तर चित्रात मुंग्या यायच्या, तरी मॅच बघता यायची. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत स्वच्छ असतं, मग एकदम चौकोन पडतात आणि पडदा काळा होतो. म्हणून मीटर न आणता नुसतं टीव्हीवर चित्र दाखवून ‘झालं साहेब’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका. टीव्हीच्या पॉइंटला साधारण ६० ते ७० डेसिबल मायक्रोव्होल्ट सिग्नल मिळतो आहे, हे त्याने मीटरवर दाखवलं पाहिजे, आणि तेही शेवटच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत.

रॅकच्या खोलीला एसी लागतो, कारण ३०-४० रिसीव्हर एकत्र तापतात. आणि यूपीएस लावताना मजल्यांवरचे, सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर विसरू नका. गुरुवारी लाईट जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत रॅक चालू राहतो, पण तिसऱ्या मजल्याचा ॲम्प्लिफायर बंद पडलेला असतो आणि तेवढ्या खोल्यांतून एकदम फोन येतात.

आयपीटीव्ही

इथे चॅनल कॅट सिक्स (संगणक नेटवर्कच्या) वायरीवरून, नेटवर्कच्या पाकिटांच्या रूपात जातात. पडद्यावर पाहुण्याचं नाव, रेस्टॉरंटचा मेन्यू, बिल, लाँड्री, सगळं दाखवता येतं. सॅमसंग, एलजी आणि फिलिप्स यांचे हॉटेलांसाठीचे वेगळे टीव्ही येतात. त्यांत आवाजाची कमाल मर्यादा बांधता येते, सुरुवातीचा चॅनल ठरवता येतो आणि एका टीव्हीचं सेटिंग पेनड्राइव्हवरून बाकीच्यांत उतरवता येतं. दुकानातला घरगुती टीव्ही स्वस्त पडतो, पण रात्री एक वाजता शेजारच्या खोलीत पूर्ण आवाजात गाणी लागली की त्या स्वस्ताईची किंमत कळते.

चॅनल मल्टिकास्टने जातात. म्हणजे ५० खोल्यांत एकच बातम्यांचा चॅनल चालू असला तरी मुख्य वायरीवर त्याची एकच प्रत वाहते. एचडी चॅनलला साधारण ८ मेगाबिट धरले तर ६० चॅनलचे ४८० मेगाबिट होतात, गिगाबिटच्या मुख्य वायरीत आरामात मावतात. मात्र हे सांभाळायला स्विच (सगळ्या खोल्यांच्या नेटवर्क वायरी जोडणारा डबा) शहाणा लागतो. कुठल्या खोलीने कुठला चॅनल मागितला आहे ते ऐकून तेवढाच त्या वायरीवर सोडायचा, याला आयजीएमपी स्नूपिंग म्हणतात.

बाणेरच्या एका नव्या हॉटेलात टीव्ही उत्तम चालत होते, पण वायफाय मरून पडलं होतं. इंटरनेटची लाईन बदलली, राउटर बदलला, फरक शून्य. कारण निघालं ते स्विचमध्ये. स्नूपिंग बंद, त्यामुळे सगळे चॅनल सगळ्या पोर्टवर ओतले जात होते आणि वायफायचे डबे, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, ते हवेत सोडत होते. वायफायवर मल्टिकास्ट सर्वांत कमी वेगाने पाठवलं जातं, म्हणजे थोडासा डेटाही हवेचा बराच वेळ अडवतो. स्नूपिंग चालू केल्यावर वायफाय सुधारलं, पण टीव्ही चार-सव्वाचार मिनिटं चालून थबकू लागले. स्नूपिंगबरोबर नेटवर्कवर एक क्वेरियर लागतो, जो ‘अजून कोण बघतंय?’ असं विचारत राहतो. तो नसेल तर बहुतेक स्विच २६० सेकंदांनी नोंद पुसतात आणि चॅनल तोडतात. क्वेरियर चालू केला, दोन्ही प्रश्न मिटले. एक रुपयाचं सामान बदलावं लागलं नाही. आयपीटीव्ही विकणाऱ्याला स्नूपिंग आणि क्वेरियर हे दोन शब्द विचारा. उत्तर अडखळत आलं तर दुसरा बघा.

नुसतं कास्टिंग

तरुण पाहुणा चॅनल बघतच नाही, नेटफ्लिक्स आणि जिओहॉटस्टार त्याच्या मोबाईलमध्येच असतात. मोबाईलवरचं टीव्हीच्या पडद्यावर लावणं म्हणजे कास्टिंग. मग चॅनलचा खर्च का करा, असं बरेच मालक म्हणतात. मुद्दा रास्त आहे. मात्र मोबाईल आणि टीव्ही एकमेकांना सापडतात ते एकाच नेटवर्कवर असतील तरच, आणि गेस्ट वायफायमध्ये पाहुण्यांची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवावीच लागतात. ती वेगळी ठेवली तर कास्ट होत नाही. एकत्र ठेवली तर २०४ मधल्या माणसाला २०५ चा टीव्ही दिसतो आणि तो त्यावर वाटेल ते लावू शकतो. हे कुटुंबं उतरणाऱ्या हॉटेलात एकदाही घडता कामा नये. यासाठी कास्टिंग गेटवे लागतो: पडद्यावरचा क्यूआर स्कॅन केला की तो मोबाईल त्याच खोलीच्या टीव्हीशी जोडला जातो, आणि चेकआउट झालं की जोडणी पुसली जाते.

स्मार्ट टीव्हीत पाहुण्याला स्वतःचं लॉगिन टाकू देणं मला पटत नाही. आधीच्या माणसाचं खातं तसंच उघडं राहतं. आणि टीव्हीमागे लावायच्या क्रोमकास्टसारख्या काड्यांवर सगळी भिस्त ठेवू नका. गूगलने ऑगस्ट २०२४ मध्ये क्रोमकास्टचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं, आणि ९ मार्च २०२५ पासून काही दिवस जगभरचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एका प्रमाणपत्राची मुदत संपल्याने बंद पडले होते. ज्या हॉटेलात खोलीत दुसरं काहीच नव्हतं, तिथे पडदा काळाच राहिला असणार.

वायफाय: पैसे इथे घाला

टीव्ही नसला तर पाहुणा कुरकुरतो, वायफाय नसलं तर खोली सोडतो. तुलना सोपी आहे: पॅसेजमध्ये ॲक्सेस पॉइंट, की खोलीत? पॅसेजमध्ये वायर कमी लागते. पण आपल्याकडच्या हॉटेलांत दारातून शिरलं की आधी बाथरूम असतं. टाइल्स, पाण्याचे पाइप, आरसा आणि वीटकामाची भिंत ओलांडून सिग्नल पलंगापर्यंत जातो तेव्हा ५ गिगाहर्ट्‌झचा जीव निघालेला असतो. मग फोन २.४ वर घसरतो, जिथे एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या इमारतींचे राउटरही तिथेच. नवं बांधकाम असेल तर प्रत्येक खोलीत, निदान एकाआड एक खोलीत, भिंतीत बसणारा पॉइंट लावा. वीज त्याच कॅट सिक्समधून पीओई स्विच देतो, फक्त वायर १०० मीटरच्या आत ठेवा.

पाहुणे, टीव्ही, सीसीटीव्ही आणि बिलिंगचा संगणक यांची व्हीलॅन (एकाच वायरिंगवरची अलग नेटवर्कं) वेगळी हवीत, यात तडजोड नाही. मजल्यागणिक वायफायचं नाव मात्र बदलू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नावासाठी वेगळा बनावट नेटवर्क-पत्ता (मॅक ॲड्रेस) दाखवतात, त्यामुळे लिफ्टने खाली आलेल्या पाहुण्याला पुन्हा ओटीपी टाकावा लागतो.

ओटीपी कटकटीचा वाटतो, पण तो हवा. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून गेला होता आणि चौकशी आधी त्या घरापर्यंत पोहोचली. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याच्या सूचना काढल्या, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात लॉग (वापराच्या नोंदी) १८० दिवस जपायला सांगितलं आहे. कोरेगाव पार्कात परदेशी पाहुणे बरेच येतात आणि त्यांच्या सिमवर ओटीपी दरवेळी पोहोचतोच असं नाही. त्यांच्यासाठी रिसेप्शनवरून खोली क्रमांक आणि आडनावावर लॉगिन द्या. आणि गोळा झालेले नंबर दिवाळी ऑफरच्या मेसेजसाठी वापरू नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमतीशिवाय तसं करू देत नाही.

लाईन किती घ्यायची? नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ आणि फोर-के ला १५ मेगाबिट सांगतं. ४० खोल्यांत रात्री नऊला निम्म्या खोल्यांत फुल एचडी चालू धरलं तर १०० झाले, फोन-लॅपटॉप मिळून २०० ते ३०० घ्या. आयटीवाले उतरत असतील तर अपलोडही तितकाच मागा, व्हिडिओ कॉल त्यावर चालतात. दोन कंपन्यांच्या लाईन घ्या, पण दोन्ही वायरी एकाच खांबावरून येत नाहीत ना ते स्वतः बाहेर जाऊन बघा. रस्ता खोदला की दोन्ही एकदम तुटतात.

मी कुणाला काय सांगेन

स्टेशनजवळच्या त्या २८ खोल्यांना: कोएक्स शाबूत असेल तर हेडएंड, आणि वाचलेले सगळे पैसे वायफायवर. आयपीटीव्हीसाठी भिंती फोडू नका. हिंजवडीच्या ७० खोल्यांना: प्रत्येक खोलीत दोन कॅट सिक्स, आयपीटीव्हीवर ४०-५० निवडक चॅनल आणि कास्टिंग गेटवे. विमाननगरच्या दहा-बारा खोल्यांच्या सर्व्हिस अपार्टमेंटला: चार-पाच बॉक्स हॉलमध्ये, बाकी कास्टिंग. वऱ्हाडांवर चालणाऱ्या हॉटेलाने चॅनल काढायचा विचारही करू नये, घरातली ज्येष्ठ मंडळी संध्याकाळी मराठी मालिका मागणारच.

काम संपल्यावर रात्री नऊला, हॉटेल भरलेलं असताना, सगळ्यात लांबच्या खोलीत बसा. एक चॅनल दहा मिनिटं न बदलता चालू ठेवा, त्याच वेळी फोनवर व्हिडिओ कॉल लावा आणि दार बंद करून बाथरूमपर्यंत फिरा. हे जमेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. आणि हप्ता देण्याआधी स्विच, वायफाय कंट्रोलर व गेटवे यांचे ॲडमिन पासवर्ड आणि वायरिंगचा नकाशा लेखी ताब्यात घ्या, नाहीतर एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) दुसऱ्याला देताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.