पणजोबांच्या दगडी घराचं चुन्याचं काम करून घेतलं, अनुभव लिहितेय

यावल तालुक्यातलं आमचं घर, गल्लीतलं पहिलं दगडी. बाकी सगळी मातीची होती तेव्हा पणजोबांनी नाल्यावरून काळा दगड बैलगाडीने आणून बांधलं असं आजी सांगायची. साल कुणालाच नक्की माहीत नाही, पण जागेच्या खरेदीखतावर 'जिल्हा पूर्व खानदेश' लिहिलंय आणि खानदेशाचे पूर्व-पश्चिम दोन जिल्हे झाले १९०६ ला, म्हणजे त्यानंतरचंच.

दहा वर्षांपूर्वी एकाने भिंतींना सिमेंटचा गिलावा मारून दिला, ती मोठी चूक झाली. ओल आतच अडकली, पोपडे पडायला लागले, देवघराच्या कोनाड्यात तर पांढरं मीठ फुटलं.

या वेळी चुन्याचं काम येणारे गवंडी मामा शोधले. आधी सगळं सिमेंट छिन्नीने हळूहळू काढलं, दगडाची एक कड उडू दिली नाही. चुना आठ दिवस भिजत ठेवला, त्यात वाळू, विटांची सुरखी म्हणजे बारीक भुकटी, गुळाचं पाणी, आणि दरजा म्हणजे दगडांमधल्या फटी भरल्यावर रोज गोणपाट ओलं करून लावायचे. धाब्यावरची, म्हणजे सपाट छपरावरची माती पण काढून नवी पांढरी माती टाकली, खालच्या सागाच्या कड्या अजून खणखणीत निघाल्या.

तीन आठवडे बोलले होते, सहा लागले, मजुरी पण सिमेंटवाल्यापेक्षा जास्त. तरी मी परत त्यांनाच बोलवेन. सिमेंट काढल्यावर चौकटीशेजारच्या दगडावर छिन्नीने कोरलेला छोटा नांगर दिसला, आजीने त्यावर हात फिरवला आणि बराच वेळ तिथंच बसली.