बेअरिंगच्या नावाखाली विकलेले पेट्रोल

जुन्या पेट्रोल गाडीला आधीच्या मालकाने ताकद वाढवणारी चिप बसवलेली असेल आणि चढावर इंजिन नॉक मारत असेल, म्हणजे आतून खडखडत असेल, तर इंजिन उघडायला परवानगी देण्यापूर्वी सोलापुरातल्या एका गॅरेजने मला कसे गंडवले ते वाचावे. तक्रार अजून निकाली निघालेली नसल्यामुळे गॅरेजचे नाव लिहीत नाही.

गाडी २००६ सालची ऑक्टाव्हिया, १.८ लिटर टर्बो पेट्रोल. पहिल्या मालकाने पुण्यात चिपचे काम करून घेतले होते, म्हणजे टर्बोचा दाब वाढवला होता आणि ठिणगी मूळ वेळेच्या थोडी आधी पडेल अशी मांडणी करून घेतली होती. अशी मांडणी निदान ९५ ऑक्टेनचे पेट्रोल गृहीत धरते (आकडा जितका मोठा, तितके पेट्रोल दाबाखाली आपोआप पेट घ्यायला कमी धजते). २०२२ च्या उन्हाळ्यात पंपावरचे साधे पेट्रोल मात्र ९१ ऑक्टेनचे होते, आणि आपल्याकडचे एप्रिल-मे कसे असतात हे सोलापूरकरांना सांगायला नको. हवा आधीच तापलेली, त्यात दाब जास्त, त्यामुळे ठिणगीची ज्योत सिलिंडरभर पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेट घेते आणि त्या धक्क्याचा आवाज येतो. तुळजापूरचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढताना पाय दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायचा आणि पाय उचलला की थांबायचा.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून कान लावला आणि सांगितले, "मालक, बिग एंडचं बेअरिंग गेलंय. असंच पळवलं तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल." बिग एंड म्हणजे पिस्टनच्या रॉडचे क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, बसणारे खालचे टोक. गाडी रस्त्यावर चालवून पाहिली नाही, स्कॅनर लावला नाही, ऑइलचा दाबही मोजला नाही. बिल ६२,००० रुपयांचे झाले. जुने भाग म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेले, तांबूस थर उघडा पडलेले एक बेअरिंग त्याने हातावर ठेवले आणि मला शेजारी बसवून त्याच घाटात गाडी चढवून दाखवली. आवाज खरोखरच गेला होता.

टाकी संपली, नेहमीचे पेट्रोल भरले आणि खडखड पुन्हा सुरू झाली. तेव्हा अक्कलकोट रोडच्या बाजूला काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी ती लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावून बॅटरीचा प्रकाश ऑइल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, बोल्टांवर टाकला. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर तेल आणि धुळीचा घट्ट, काळा थर जसाच्या तसा होता. चेंबर उतरवल्याशिवाय खालून बिग एंडपर्यंत हात पोहोचत नाही, आणि त्या बोल्टांना पानाच लागलेला नव्हता. मग त्यांनी बेअरिंग उलटे केले. पाठीवर ०.५० कोरलेले होते. या मापाचे बेअरिंग क्रँक अर्धा मिलिमीटर घासून घेतल्यावरच बसते. माझ्या गाडीचा क्रँक कधी लेथवाल्याकडे गेलेलाच नव्हता. तो तुकडा दुसऱ्याच कुठल्यातरी इंजिनाचा होता.

बिलात तळाशी एक ओळ होती: "ट्रायलसाठी पेट्रोल, १५ लिटर". दर साध्या पेट्रोलच्या वरचा, ९५ ऑक्टेनचा होता. म्हणजे रोग त्यांना बरोबर कळला होता, औषधही बरोबरच दिले, आणि पैसे मात्र न केलेल्या शस्त्रक्रियेचे घेतले. अडाणीपणाने चूक झाली असती तर मी इतका चिडलो नसतो.

हे दोन आवाज ओळखण्यासाठी इंजिन खोलावे लागत नाही. बेअरिंगचा ठोका जड, खोल आणि खालून येणारा असतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाचे फेरे वाढवून सोडले तरी तो बहुधा ऐकू येतो, तेल तापले की वाढतो आणि त्या सिलिंडरची ठिणगी बंद केली की मंदावतो. ज्वलनाचे नॉकिंग बारीक, धातूच्या आवाजाचे असते आणि इंजिनावर भार असतानाच येते. माझ्या इंजिनाच्या ब्लॉकवर हे नॉकिंग टिपणारे दोन नॉक सेन्सर आहेत. मिस्त्रींनी लॅपटॉप जोडून मेजरिंग ब्लॉक २० हा आकड्यांचा तक्ता उघडला, तिथे नॉकिंग आवरण्यासाठी प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंश मागे ओढली, म्हणजे उशिरा पाडली, जात आहे ते दिसते. साध्या पेट्रोलवर घाटात हा आकडा नऊच्या पुढे गेला, ९५ ऑक्टेनवर एक-दोनवर राहिला. ऑइलचा दाबही गेज लावून पाहिला, तो व्यवस्थित होता. पुढे प्लग बदलले, कार्बन साफ केला आणि कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर परत चढवले. ताकद थोडी कमी झाली, खडखड थांबली.

काम देण्याआधी चेंबरच्या बोल्टांवर रंगाचा ठिपका लावून फोटो काढावा, आणि चेंबर उतरवताना आपण तिथे हजर राहू असे लेखी सांगावे. प्रामाणिक फिटर याला नाही म्हणत नाही. बिलातली प्रत्येक ओळ वाचावी, किरकोळ रकमेचीसुद्धा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी विचारताही येते. बोल्टांचे फोटो, ते बेअरिंग आणि मिस्त्रींचा लेखी अभिप्राय जोडून मी नोटीस पाठवली, तेव्हा मजुरीची रक्कम निमूटपणे परत आली. सुट्या भागांचे पैसे द्यायला ते अजून तयार नाहीत, आणि तेवढ्यासाठीच तक्रार चालू आहे.