मुंबईहून गोव्याला विमानाने: दाबोळी की मोपा?

तिकीट शोधताना गोव्याचे दोन विमानतळ समोर येतात आणि बहुतेक जण पाचशे रुपये स्वस्त दिसेल ते घेऊन मोकळे होतात. ते पाचशे पुढे टॅक्सीत जातात की नाही, हे तुमचा मुक्काम कुठे आहे त्यावर ठरतं.

आधी हवेतलं अंतर. मुंबई ते दाबोळी सरळ रेषेत साधारण ४२५ किलोमीटर, मोपा ३८५. पण जेट विमानाला चाळीस किलोमीटर म्हणजे तीनेक मिनिटं. वेळापत्रकात दोन्हीकडे सव्वा तासाच्या आसपासच वेळ दिसते. त्यातलं प्रत्यक्ष उड्डाण पाऊण तासाचं. उरलेला वेळ विमान धावपट्टीपर्यंत नेण्यात आणि मुंबईच्या गर्दीत पाळी येण्याची वाट बघण्यात जातो. त्यामुळे अंतर पाहून विमानतळ निवडू नका.

खरा फरक रस्त्यावर पडतो. दाबोळी वास्कोजवळ, मोपा पार उत्तरेला पेडणे तालुक्यात. मडगाव दाबोळीहून पंचवीसेक किलोमीटर, मोपाहून पासष्टच्या घरात. कोलवा, बाणावली, पाळोळे असा बेत असेल तर मोपाचं तिकीट फुकट मिळालं तरी मी दोनदा विचार करेन. तास-सव्वा तास जास्त आणि टॅक्सीचं भाडं वेगळं. ओला-उबर गोव्यात चालत नाही, हेही लक्षात असू द्या. हरमल, मोरजी, मांद्रे म्हटलं की उलट: मोपाच. कळंगुट-बागालाही मोपा थोडं जवळ. पणजीसाठी फारसं अडत नाही, दाबोळीहून तीसेक किलोमीटर, मोपाहून पस्तीसेक. मंगेशी-शांतादुर्गेच्या दर्शनाला निघालेल्यांना दाबोळी बरं पडतं.

मोपाचा मोठा फायदा गोव्याबाहेरच्यांना झालाय. बांदा हाकेच्या अंतरावर, सावंतवाडीही जवळ. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला खरा, पण तिथल्या फेऱ्यांचा भरवसा धरून गणपतीचा बेत आखू नये. तळकोकणात जायचं तर मोपा हाच खात्रीचा मार्ग.

वेळेचाही एक मुद्दा आहे. दाबोळी मुळात नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवतात, त्यामुळे सकाळच्या विमानांचे पर्याय कमी. जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या मोपावर ही अडचण नाही.

दोन्हीकडून कदंबच्या बसगाड्या मिळतात. सामान कमी आणि घाई नसेल तर त्यांचं वेळापत्रक आधी बघा. आणि पैसे भरण्यापूर्वी तिकिटावरचा कोड वाचा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. जाताना एक आणि येताना दुसरा विमानतळ घ्यायलाही हरकत नाही, फक्त परतीच्या टॅक्सीवाल्याला नाव नीट सांगा.