दोनशेवीस रुपयांची पिवळी पिन

पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन "डिजिटल कॅमेरा टीव्हीला जोडायची केबल आहे का?" असं विचारलं की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो आणि मग कॅमेऱ्याकडे. "काका, अजून चालतो हा?" चालतो. कॅननचा पॉवरशॉट ए४८०, २००९ सालचं मॉडेल. दोन पेन्सिल सेल घातले की आजही लेन्स बाहेर काढतो. मावसभावाने अमेरिकेहून येताना आणलेला. हा 'अमेरिकेहून' पुढे नडला, ते सांगतो.

केबल घ्यायचं कारण आई. कार्डवर २०१० ते २०१३ चे सहाशे-सातशे फोटो आणि गुहागरला मामाकडच्या गणपतीचे पाच-सहा व्हिडिओ आहेत. मोबाइलवर दाखवले तर आई म्हणते, "एवढ्याशा काचेत मला सगळे सारखेच दिसतात."

दुकानदाराने पहिली दिली ती केबल कॅमेऱ्यात अगदी चपखल बसली, पण त्याच्या टेबलावरच्या छोट्या टीव्हीवर काही उमटेना. मिनी यूएसबीचं तोंड तेच असलं तरी आतली जोडणी प्रत्येक कंपनीची आपापली. दुसरी लावल्यावर चित्र आलं. म्हणून सांगतो, कॅमेरा सोबत घेऊन जा आणि दुकानात लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. केबलवर कंपनीचं नाव नाही. किंमत दोनशेवीस, घासाघीस करून दोनशे. एका टोकाला मिनी यूएसबी, दुसऱ्या टोकाला चित्राची पिवळी आणि आवाजाची पांढरी पिन. लाल नाही, कारण या कॅमेऱ्याचा आवाज मोनो, म्हणजे एकेरी.

घरी आलो तर आमच्या एलईडी टीव्हीला पाठीमागे ती तीन रंगांची भोकं नाहीतच. हेडफोनसारखं एकच बारीक भोक, आणि त्यात घालायची वीतभर वायर टीव्हीच्या खोक्यात. खोकं माळ्यावर. ती वायर बाजारात वेगळी मिळते, पण आतल्या कड्यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. त्यामुळे टीव्हीसोबत आलेलीच शोधा, खोकं भंगारात द्यायच्या आधी.

सगळं जोडलं, रिमोटवर सोर्स दाबून एव्ही, म्हणजे या पिनांची वाट, निवडलं, आणि मामाचं अंगण आलं ते काळंपांढरं. आई म्हणाली, "एवढं जुनं नाहीये रे हे." अर्धा तास पिना उपसून परत खोचल्या. मग उलगडा झाला. अमेरिकेतला कॅमेरा, म्हणजे त्याचं सेटिंग एनटीएससी, ही तिकडची टीव्ही सिग्नलची पद्धत. आपल्याकडची पद्धत पाल (PAL). आमच्या टीव्हीत रंगाची सिस्टिम कुणीतरी पालवर अडकवून ठेवलेली. कॅमेऱ्याच्या मेनूत व्हिडिओ सिस्टिम पाल केली आणि जास्वंद लाल झाली. तिथेच ऑटो पॉवर डाउनही बंद करून टाका. नाहीतर आई एका फोटोवर "ही कोण, ठमीची जाऊ ना?" करत थांबते आणि तेवढ्यात कॅमेरा झोपतो.

आता चित्राबद्दल. फोटोंसाठी ही केबल घेऊ नका. कॅमेरा एक कोटी ठिपक्यांचा फोटो काढतो, पण पिवळ्या पिनेतून जातात ५७६ ओळी, म्हणजे जेमतेम चार लाख ठिपके. चेहरे ओळखू येतात, पण पातळाचे काठ पुसल्यासारखे दिसतात. मी दुसऱ्या दिवशी कार्ड काढून साध्या कार्ड रीडरमध्ये घातलं आणि रीडर टीव्हीच्या यूएसबीत. डीसीआयएम नावाचा फोल्डर उघडला आणि तेच फोटो लख्ख! मामीच्या नथीतला मोती सुटा दिसला. कॅमेराच सरळ टीव्हीच्या यूएसबीला जोडून पाहिला होता, तर टीव्हीने ओळखच दाखवली नाही. त्याला पेनड्राइव्हची भाषा कळते, कॅमेऱ्याची नाही.

मग दोनशे रुपये पाण्यात गेले का? मलाही तसंच वाटलं होतं. पण कार्ड रीडरवरून आरतीचा व्हिडिओ लावला तर टीव्ही म्हणाला, फॉरमॅट चालत नाही. हे जुने कॅमेरे मोशन जेपेगच्या एव्हीआय फायली करतात, त्या आमच्या टीव्हीला पचत नाहीत. कॅमेऱ्याला मात्र आपल्याच फायली, तो बिनतक्रार दाखवतो. आणि व्हिडिओ मुळातच ६४० बाय ४८०, म्हणजे तीन लाख ठिपके. पिवळ्या पिनेतून जाताना त्याचं फारसं काही बिघडतच नाही. म्हणून आता फोटो रीडरवरून आणि व्हिडिओ केबलवरून, अशी वाटणी झाली आहे.

दुकानदार एव्ही टू एचडीएमआयची, म्हणजे या पिनांचं चित्र टीव्हीच्या एचडीएमआय भोकातून दाखवणारी, डबीही गळ्यात मारत होता, वर '१०८०पी' छापलेली. टीव्हीला एव्हीचं भोकच नसेल तर घ्यावी लागेल, पण चार लाख ठिपक्यांचे वीस लाख करताना ती नवीन काही आणत नाही, आहे तेच ताणते. तुमच्या कॅमेऱ्याला एचडीएमआयचं भोक असेल तर पिवळ्या पिनेच्या वाटेला जाऊच नका. फक्त मिनी की मायक्रो ते नीट बघा, एकाची वायर दुसऱ्यात जात नाही.

दोन तक्रारी. आवाज फक्त डाव्या बाजूच्या स्पीकरमधून येतो. आणि केबल जेमतेम दीड मीटर. केबल लावली की कॅमेऱ्याचा स्वतःचा स्क्रीन काळा होतो, त्यामुळे टीव्हीकडे बघतच बटणं दाबायची. म्हणजे कॅमेरा धरणाऱ्याने टीव्हीच्या पायाशी पाट टाकून, मान वर करून बसायचं. तो मी.

वरून, सोफ्यावरून सूचना येतात. "मागे घे. अजून मागे. हां, इथे बघ, झांज मामीच्या हातात आहे आणि आरती अर्धा ताल पुढे चाललीय. मी तेव्हाच सांगत होते." हा पुरावा आत्तापर्यंत चार वेळा सादर झाला आहे. पाचव्या वेळी सेल संपले, तर आईने भिंतीवरच्या घड्याळातले काढून दिले.