सोमवारची सुट्टी आणि जुनी विमानं : गोवा की बेंगळुरू?

कोल्हापूरहून जुनी विमानं बघायला जायचं म्हटलं की दोनच नावं पुढे येतात. एक, गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय. दुसरं, बेंगळुरूत जुन्या विमानतळाच्या रस्त्यावरचं एचएएलचं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचं. दिल्लीत पालमचं वायुदलाचं संग्रहालय मोठं आहे, पण त्यासाठी वेगळी रजा काढावी लागते, म्हणून ते इथे बाजूला ठेवलंय.

तिकीट, पार्किंग, कॅन्टीन वगैरे दोन्हीकडे आहे तसं आहे, त्यावर शब्द घालवत नाही. हे लिखाण मुख्यतः ज्यांचा हात रोज लोखंड-ॲल्युमिनियमला लागतो त्यांच्यासाठी आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागांतल्या माणसाला विमान दिसतं ते पत्रा, रिव्हेट, कास्टिंग आणि बिजागरी म्हणून. त्या नजरेने बघायचं ठरवलं तर दोन्ही ठिकाणं पार वेगळी निघतात.

आधी गोवा, कारण निव्वळ विमानांच्या तोलामोलात पारडं तिकडेच झुकतं, हे मान्य करायला हवं. 1998 मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात उभं असलेलं सुपर कॉन्स्टलेशन हे प्रवासी विमान एकटंच सहा तासांचा प्रवास वसूल करतं. एअर इंडियात ते ‘रानी ऑफ एलोरा’ होतं, म्हणजे आपल्या वेरूळचं नाव घेऊन परदेशात जाणारं. तिथून वायुदलात गेलं आणि मग समुद्रावर टेहळणी करायला नौदलात आलं. त्याच्या शेपटीला तीन उभी पाती आहेत ती शोभेसाठी नव्हेत. एकच उंच पातं दिलं असतं तर विमान त्या काळच्या हँगरांच्या दारातून आत गेलं नसतं. चार इंजिनं, प्रत्येकाला 18 सिलिंडर, दोन रांगांत चक्राकार मांडलेले. वाया जाणाऱ्या एक्झॉस्टवर प्रत्येक इंजिनाला 3 टर्बाइन फिरवून ती ताकद पुन्हा क्रँकशाफ्टला जोडलेली. पिस्टन इंजिनातून आणखी काय पिळून काढता येईल याची ती जवळपास शेवटची पायरी, आणि एवढी गुंतागुंत म्हटल्यावर एक्झॉस्टचा भाग वारंवार बिघडायचा, हेही ओघाने आलंच.

बाकीच्या विमानांत नौदलाची खूण शोधत फिरा, म्हणजे नुसता फोटो काढून पुढे जाणं होत नाही. शेपटीखालचा अडकवायचा हूक बघा. विक्रांतच्या डेकवर उतरताना सगळा झटका त्या एका दांड्यावर यायचा, त्यामुळे तो सांगाड्याला कुठे आणि किती जाड भागात बसवलाय ते वाकून बघण्यासारखं आहे. मग पंख दुमडायची रेघ. ब्रेगे अलिझेच्या पोटात खाली सरकणारा रडारचा घुमट होता, त्याचा गोल अंदाजाने सापडतो. सी हॉकचा धूर शेपटीतून निघतच नाही. तो दोन वाटांनी पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो, त्यामुळे मागचं अंग इंधनाच्या टाकीला मोकळं राहिलं. सी हॅरियरला चार तोंडं आहेत. पुढच्या दोन तोंडांतून पंख्याची गार हवा येते, मागच्या दोनमधून तापलेला झोत, म्हणून मागच्या तोंडांशेजारी पत्र्यावर उष्णतेपासून बचावाचं वेगळं आवरण दिसतं. कामोव्ह हेलिकॉप्टरला एकाच दांड्यावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे, त्यामुळे शेपटीचा पंखा लागत नाही आणि जहाजावर जागा वाचते. शॉर्ट सीलँड हे तर नौदलाचं पहिलं विमान. पोट होडीचं, आणि त्या पोटाला मध्येच एक पायरी. ती नसती तर पाण्याने विमान चिकटवूनच ठेवलं असतं.

आता जरा कडू भाग. उघड्यावर, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ठेवलेलं विमान कसं झिजतं हे कळल्याशिवाय त्याची डागडुजी कळत नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टीलचा बोल्ट असला आणि त्यावर खारट ओल बसली की दोन धातूंत बॅटरीसारखं काम सुरू होतं आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कुठल्याही किनाऱ्यावरच्या विमानाला रिव्हेटच्या डोक्याभोवती रंग फुगलेला दिसला, की त्याखाली पांढरी भुकटी आहे असं समजावं. मॅग्नेशियमची कास्टिंग त्याच्याही आधी जातात, आणि जुन्या विमानांची चाकं, गिअरबॉक्सची आवरणं बहुतेक त्याचीच. पोटाखाली पाणी निथळायची बारीक भोकं असतात. ती रंगाने किंवा मातीने बुजली की पावसाचं पाणी आत साचतं, आणि बाहेरून तुकतुकीत दिसणारं विमान आतून पोकळ होत जातं. काचांऐवजी लावलेलं ॲक्रिलिक उन्हाने बारीक चिरा जाऊन धुरकट होतं. व्हँपायर या जुन्या जेट विमानाचा पुढचा भाग प्लायवूड आणि बाल्साचा आहे, ओल लागली की फुगायचाच. हवा घ्यायची तोंडं झाकलेली असतात म्हणून कुणी वैतागू नये. उघडी ठेवली तर महिन्याभरात आत साळुंक्यांचा संसार. एवढं सगळं असताना ही विमानं उभी आहेत, हेच मोठं काम. म्हणून बघताना रंगाची चमक सोडा. बिजागऱ्या, सांधे आणि पोट बघा.

त्यासाठी उजेड तिरपा हवा. सकाळी पहिल्या तासात किंवा चारनंतर पत्र्यावर तिरका प्रकाश पडला की पुट्टीने भरलेला खड्डा, नंतर बदललेला तुकडा, रिव्हेटची वाकडी गेलेली रांग हे सगळं उठून दिसतं. बारा वाजता तेच विमान सपाट पत्र्याचं दिसतं.

आणि इथेच गोव्याचं गणित बिघडतं. कोल्हापुरातून रविवारी पहाटे सहाला निघा, संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा-आंबोलीमार्गे जा, सावंतवाडीला चहा घ्या, तर दाबोळीला पोचता बरोबर भर दुपारी. पंचाईत अशी की उघड्यावरची विमानं बघायला याहून वाईट वेळ नाही. डोळ्यांवर चमक, पत्र्याला हात लावायची सोय नाही, सोबतच्यांना भूक लागलेली, आणि गाडीतली पोरं आधीच बोगमाळोच्या किनाऱ्याच्या नावाने रडतायत. अर्ध्या-पाऊण तासात “चला की आता” सुरू होतं. चांगला उजेड हवा तर रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायला हवं.

पण दुसरा दिवस सोमवार. संग्रहालय सोमवारी बंद.

ज्याची सुट्टी रविवारी असते त्याला यात काही वाटणार नाही. तो शनिवारी जाईल, रविवारी सकाळी पुन्हा चक्कर मारेल. पण उद्यमनगरात ज्यांच्या मशीन सोमवारी बंद असतात, ज्यांचं दुकान सोमवारी बंद असतं, त्यांच्यासाठी हा दरवाजा नेमका त्याच दिवशी बंद. चूक कुणाची नाही, सोमवारी बंद राहणारी संग्रहालयं जगभर आहेत. पण वैताग यायचा तो येतोच. रविवारचं काम बुडवून जायचं तर एकाच दिवसात जाणं-येणं धरून बारा तास स्टिअरिंगवर, त्यात परतीचा आंबोली घाट अंधारात, आणि पावसाळ्यात धुक्यात. इतका खटाटोप करून विमानं दिसणार ती भर दुपारची.

अंतर दुप्पटीहून जास्त असूनही बेंगळुरू जवळ पडतं ते इथे. रविवारी मशीन बंद करून, जेवून, रात्रीच्या स्लीपर बसने निघायचं. सोमवारी सकाळी बेंगळुरू. बस मॅजेस्टिकच्या मध्यवर्ती स्थानकापर्यंत जाणारी घ्या, तुमकूर रस्त्यावर कुठेतरी पहाटे उतरवणारी नको. तिथे आंघोळ-नाश्ता उरकून मेट्रोच्या पर्पल लाईनने इंदिरानगर, आणि तिथून रिक्षा. मॅजेस्टिकहून थेट रिक्षाने जायची हौस करू नका, सकाळच्या गर्दीत तासभर कधी जातो ते कळत नाही. एचएएलचं संग्रहालय सोमवारी उघडं सापडतं असा आतापर्यंतचा अनुभव, तरी सणवार आसपास असेल तर निघण्याआधी एक फोन करावा. दिवसभर बघायचं, रात्री परत बस, मंगळवारी सकाळी कामावर. एकही दिवस बुडत नाही. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे, पण ती आदल्या दिवशी दुपारीच निघते, म्हणजे अर्धा रविवार गेला.

तिथे गेल्यावर काय? दुर्मिळपणात ते गोव्याच्या मागे आहे. कॉन्स्टलेशनसारखी राणी इथे नाही. पण इथे विमानाबरोबर ते घडवण्याची रीत दिसते, आणि आपल्याकडच्या माणसाला तेच जास्त लागतं असं माझं मत. एका दालनात 1940 पासूनचा इतिहास दशकवार फोटोंत आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी त्या वर्षी ही कंपनी सुरू केली, हे तिथे उभं राहून वाचताना बरं वाटतं. दुसऱ्या दालनात इंजिनं कापून आतला भाग दाखवलाय. इथेच वेळ घालवा, इतर सगळं नंतर.

कापलेलं जेट इंजिन बघायची एक पद्धत आहे. पुढून मागे जा. कंप्रेसरच्या प्रत्येक पायरीला पाती लहान होत जातात, कारण हवा दाबली जाऊन तिला जागा कमी लागते. मग ज्वलनाचा भाग, त्याच्या पत्र्याला असंख्य भोकं. त्यांतून येणारी हवा ज्वाळेला भिंतीपासून दूर ठेवते, नाहीतर तो पत्रा टिकला नसता. मग टर्बाइन. जुन्या इंजिनांत ही पाती घडवलेली असायची, नंतर मेणाच्या साच्यावरून ओतलेली आली. ज्याने पॅटर्न आणि कोअर हाताळलाय त्याला त्या पात्याची कड बघून घाम फुटेल. आणि सर्वात महत्त्वाचं, हवा बाहेरच्या दिशेने फेकणारा एकच जाडा चक्का आहे की एकामागे एक पात्यांच्या रांगा, ते बघा. गोव्यातली व्हँपायर आणि सी हॉक अंगाने ढोली का, आणि इथली मारुत नि अजित ही लढाऊ विमानं सडपातळ का, याचं उत्तर त्यात आहे. पहिल्या दोघांची गॉब्लिन आणि नीन ही इंजिनं चक्क्याची, दुसऱ्या दोघांचं ऑर्फियस 7 पायऱ्यांच्या रांगांचं. हे एकदा डोक्यात बसलं की नंतर गोव्याला जाल तेव्हा तिथली विमानं जास्त बोलतात.

बाहेर मारुत आहे. 17 जून 1961 ला पहिल्यांदा उडालेलं, जर्मन विमान-अभियंता कुर्ट टँकच्या मार्गदर्शनाखाली आखलेलं. त्याची कंबर बारीक का, हे बाजूने उभं राहून बघा. पंख जिथे जोडले जातात तिथे आडवा छेद एकदम वाढू नये म्हणून अंग आत घेतलंय. सांगाडा इतका चांगला, पण मनासारखं ताकदवान इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही, दोन ऑर्फियसवरच भागवावं लागलं. चांगल्या चेसिसला छोटं इंजिन बसवल्यावर काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि एचटी-2. दिसायला साधं, दोन माणसांचं, पुढे छोटं पिस्टन इंजिन. 1951 मध्ये उडालेलं हे शिकाऊ विमान ज्यांनी आखलं ते डॉ. विष्णू माधव घाटगे, हसूरचंपूचे, म्हणजे आपल्या गडहिंग्लजकडचे. जर्मनीत गटिंगेनला हवेच्या प्रवाहाचे शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकून आलेले. पुढे किरण हे शिकाऊ जेटही त्यांच्याच देखरेखीखाली झालं. एचटी-2 गोव्यातही आहे, त्यामुळे याला बेंगळुरूचा वेगळा गुण देणं तसं बरोबर नाही. तरी जिथे ते बनलं तिथे बघणं वेगळं. बेंगळुरूची हवा कोरडी आणि आवारात झाडं, त्यामुळे दुपारीही उभं राहवतं. फक्त झाडांची कवडशी सावली विमानांवर पडते, त्या ठिपक्यांत रिव्हेटची रांग वाचता येत नाही. फोटो काढणाऱ्याने जागा बदलत राहावं.

दिवसाचा क्रम असा ठेवा : आल्याबरोबर बाहेरची विमानं, ऊन चढलं की आतली इंजिनं, जेवण, आणि निघण्यापूर्वी पुन्हा एकदा बाहेर. इंजिनं बघून झाल्यावर तीच विमानं दुसऱ्यांदा बघितली की फरक जाणवतो. छोटी टॉर्च न्या, चाकांच्या खोबणीत आणि काऊलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, फटीत उजेड पडत नाही. जाड वही नको, मोबाईलवर फोटो आणि त्याखाली एक ओळ पुरते.

रविवारची सुट्टी असणाऱ्यांनी मात्र सरळ गोवा धरावं. शनिवारी वाटेत जेवून दाबोळी गाठा, चारनंतरचा उजेड मिळेल, आणि रविवारी उघडताक्षणी पुन्हा आत जा. सोमवारवाल्यांना गोवा जमायचा तो दिवाळीत किंवा सलग सुट्टी लागून आली तर. तेव्हाही गाडीत सामान भरण्यापूर्वी पाडवा सोमवारी तर आलेला नाही ना, एवढं कॅलेंडर बघून घ्या.